सुमतीबाई आणि आमच्या ओटीवरची दोन कामं

विहिरीवरून पाण्याच्या तीन खेपा झाल्या होत्या. चुलीतली राख काढली होती, अंगण झाडलं होतं, यमूला चहात तांदळाची भाकरी कुस्करून दिली होती. होडी भरतीबरोबर आली होती आणि ओटीवर कोळंबीच्या टोपल्या येऊन पडल्या होत्या. मी पहिली टोपली पुढ्यात ओढली. कोळंबीच्या डोक्याचा काटा आदल्या दिवशी अंगठ्यात गेला होता, त्यामुळे हात ठणकत होता आणि काम नेहमीपेक्षाही हळू चाललं होतं. सोललेली कोळंबी ठेवायला खाली वर्तमानपत्राचा तुकडा पसरला होता. कोळंबी बाजूला सारत मी त्यावरचं वाचत होते.

"काय आहे बातमी?" असा आवाज आला आणि मी इतकी दचकले की टोपली लवंडली.

समोर सुमतीबाई उभ्या होत्या. हातात पितळी तांब्या. त्या आदल्याच दिवशी आमच्या शाळेवर बदलून आल्या होत्या आणि शेजारच्या घरात त्यांनी खोली घेतली होती. खोलीत पाण्याचं मडकं नव्हतं, म्हणून पाणी मागायला आल्या होत्या. सांडलेली कोळंबी त्यांनी माझ्याबरोबर खाली बसून भरली. पाणी न्यायचं विसरून परत गेल्या आणि मग पुन्हा आल्या. बाईंची आणि माझी ओळख अशी झाली.

बाईंच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या पुस्तकात मीही लिहावं असं संपादक मंडळाने कळवलं, तेव्हा पहिल्यांदा मला भीतीच वाटली. तुम्ही सगळे त्यांचे कॉलेजातले विद्यार्थी, सहकारी, मोठमोठ्या हुद्द्यांवरची माणसं. मी शाळेची पायरी चढलेली नाही. जे वाचलं ते एकटीने आणि हाताला लागेल तसं वाचलं. पण परदेशी व्यापार हा विषय बाई पुढे वर्गात ज्या रीतीने शिकवीत, त्या रीतीचा पहिला वर्ग आमच्या ओटीवर भरला होता, हे तुमच्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. बाईंखेरीज ते सांगायला दुसरं कोणी उरलेलं नाही, म्हणून लिहिते.

ही गोष्ट सारसोळ्याची, एकोणीसशे पन्नासचं दशक संपत आलं होतं तेव्हाची. नवी मुंबई हे नावही तेव्हा नव्हतं. खाडी होती, मिठागरं होती, भातशेतीचे बांध होते.

मी दचकले का, ते आधी सांगितलं पाहिजे. माझे यजमान त्याआधीच्या भाद्रपदात गेले. तीन दिवस ताप होता. चौथ्या दिवशी पनवेलच्या डॉक्टरांकडे न्यायला होडीत निजवलं आणि होडी पलीकडे लागायच्या आत सगळं संपलं. मला अक्षरं त्यांनीच शिकवली होती, खाडीच्या ओल्या चिखलात काडीने. त्यांच्याविषयी याहून जास्त मला अजूनही लिहवत नाही.

घरात सासूबाई, थोरले दीर, थोरल्या जाऊबाई, मी आणि माझी सहा वर्षांची यमू. दिरांना आम्ही दादा म्हणत असू. पूर्वी होडीवर दोघे भाऊ जायचे. आता दादा शेजारच्या एकाला सोबत घेऊन जायचे आणि येईल त्यातला वाटा त्याला जायचा. घर ओढाताणीत होतं. दिवाळीनंतर एके दिवशी सासूबाई मला म्हणाल्या, "शिमग्याला तुजा भाऊस येल. त्याच्यासंगं जा. पोर आमची हाय, ती इथंच राहील."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी रडून, पाया पडून बघितलं असतं. त्यांनी फक्त ठरलेलं सांगितलं. भावाच्या घरी त्याचीच पाच मुलं होती. मला तो ठेवून घेईल, यमूला नाही, हे मलाही माहीत होतं. तेव्हापासून बांधावर भावासारखी पांढरी टोपी दिसली किंवा दारात अनोळखी आवाज आला, की मी दचकायची. यमू झोपली की मी तिचा पाय धरून बसायची.

आता त्या दोन कामांविषयी. आमच्या ओटीवर रोज दोन कामं असत. एक कोळंबी सोलून सोडे वाळत घालायचे आणि दुसरं फाटलेलं जाळं सांधायचं. एक जाळं होडीवर असे आणि दुसरं घरी दुरुस्तीला. जाऊबाईंचा दोन्ही कामांत हात धरणारं गावात कोणी नव्हतं. मी कोळंबीला बसायची, कारण विधवेने जाळ्याला हात लावायचा नाही अशी आमच्या घरातली रीत होती. जाळ्यावर माणसाचा जीव असतो, ज्या हातातला चुडा गेला तो हात जाळ्याला नको, असं सासूबाई मानत. त्यांच्या सासूबाईही तसंच मानत. मला त्याचा राग कधी आला नाही. खरं सांगायचं तर मीही तेच मानत होते.

बाई त्या वर्षी बाहेरून बी.ए.ची परीक्षा देत होत्या. अर्थशास्त्राच्या एका पेपरात त्या आदल्या वर्षी नापास झाल्या होत्या, आणि पुन्हा तसंच झालं तर शिक्षणाचं नाव काढणार नाही असं घरी कबूल करून आल्या होत्या. खोलीत एकटीने वाचलं की झोप येते म्हणून शाळा सुटल्यावर पुस्तक घेऊन त्या आमच्या ओटीच्या पायरीवर येऊन बसत. पुस्तक इंग्रजी होतं. बाई एक ओळ वाचत आणि तिचं मराठीत काय होतं ते मोठ्याने सांगत, आम्हाला नव्हे, स्वतःलाच.

एका दुपारी दोन देशांचा धडा निघाला. दोन्ही देशांत गहूही पिकतो आणि कापडही विणतात.

सासूबाई आतून म्हणाल्या, "बाई, हे दोन देश हायेत कुठं? उरनच्या पल्याड?"

"खूप पल्याड, आई."

"मग त्यांचं भांडन आमच्या ओटीवर कशाला?"

"भांडण नाही आई, व्यापार आहे."

"त्येच त्ये," सासूबाई म्हणाल्या, आणि जाऊबाई हसल्या.

बाई पुढे सांगू लागल्या. एका देशात गहू कमी श्रमात होतो आणि दुसऱ्यात कापड कमी श्रमात होतं, तर सरळच आहे. ज्याला जे कमी श्रमात जमतं त्याने ते करावं आणि अदलाबदल करावी. याला म्हणायचं निरपेक्ष लाभ. एवढं मलाही कळलं. मग बाईंनी पान उलटलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. "पण समजा, एका देशाला दोन्ही गोष्टी कमी श्रमात जमतात आणि दुसऱ्याला दोन्हींत जास्त श्रम पडतात. मग त्या दुसऱ्याकडून कोणी काही घ्यावं कशाला?"

माझ्या तोंडून एकदम निघून गेलं, "आणि त्याला ठेवावं तरी कशाला?"

बाईंनी पुस्तकातून मान वर केली. माझ्याकडे बघितलं, माझ्या टोपलीकडे बघितलं, मग जाऊबाईंच्या टोपल्यांकडे. पुस्तक मिटून निघून गेल्या. रात्रभर मला वाटत राहिलं की मी बोलायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी त्या पाटी घेऊन आल्या. सासूबाई दुसऱ्या घरी मयतीला गेल्या होत्या. बाईंनी विचारलं, "हिराबाई, एका ओहोटीत तुम्ही किती कोळंबी सोलता?"

आमच्याकडे घड्याळ नव्हतं. होडी लागल्यापासून खाडीचं पाणी पार उतरेपर्यंतचा वेळ, तेवढं आमचं काम. सहा तास म्हणा. मी म्हटलं, "दोन टोपल्या. जाऊबाई सहा."

"आणि जाळं?"

मी दाराकडे बघितलं. "मी जाळं करत नाही."

"येतं का?"

"माहेरी करायची. दोन हात लांबीचं होईल एका ओहोटीत. जाऊबाई तीन हात करतात."

बाईंनी पाटीवर लिहिलं. मी म्हटलं, "बघा, मी दोन्हींत मागे." आकडे डोळ्यांसमोर मांडलेले बघून मला रडूच येत होतं. आत्तापर्यंत जे वाटत होतं ते आता पाटीवर आलं होतं.

बाई हळूच म्हणाल्या, "थांबा. तुमची आणि त्यांची तुलना नकोच. तुमच्या एका कामाची तुमच्याच दुसऱ्या कामाशी करू." मग त्या बोटाने दाखवू लागल्या. जाऊबाई एक हात जाळं सांधतात, तेवढ्या वेळात त्यांच्या दोन टोपल्या बुडतात. हिराबाईंनी एक हात सांधलं तर त्यांची एकच टोपली बुडते. म्हणजे जाळं कोणाला स्वस्त पडतं? मला.

"आणि आत्ता रोज काय होतं?" त्यांनी विचारलं. रोज दोन हात जाळं लागायचंच. जाऊबाईंच्या ओहोटीचे तीनातले दोन भाग त्यात जायचे. उरलेल्या तिसऱ्या भागात त्या दोन टोपल्या उरकत, माझ्या दोन, मिळून चार. होडीतून यायच्या सहा. राहिलेल्या दोन टोपल्यांतली कोळंबी उन्हात लाल पडायची. तिचे सोडे होत नसत, खतालाच जायची. पण मी जाळ्याला बसले तर दोन हात जाळं माझ्याकडून होईल आणि जाऊबाई सहाच्या सहा टोपल्या सोलतील. माणसं तीच, वेळ तोच.

"हा तुलनात्मक लाभ," बाई म्हणाल्या, आणि पाटी छातीशी धरून त्या हसल्या. त्यांना धडा समजला होता. मला मात्र भीती वाटली. आशा वाटू लागली की भीतीही वाढते, हे मला त्या दिवशी कळलं.

बाईंच्या हातून एक चूक झाली. ती इथे लिहायला त्यांनीच मला सांगितलं आहे. त्या मला न विचारता दुसऱ्या दिवशी पाटी घेऊन सासूबाईंसमोर बसल्या आणि सगळं गणित त्यांनी समजावून सांगितलं. हिशोब स्वच्छ आहे, मग नाही कोण म्हणेल, असं त्यांना वाटलं. सासूबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "बाई, तुमच्या पाटीवर जाळं आनि कोळंबी बाजूबाजूला लिवलीत. कोळंबी सडली तर कोळंबी जाते. जाळ्यामागं मानूस जातो. एक माजा गेला. दुसरा हाय तो पाटीवर लिवू नका."

बाई उठल्या आणि गेल्या. मी आत भिंतीला टेकून उभी होते. मला वाटलं, आता शिमग्याची वाट कोण बघतंय, उद्याच भावाला निरोप जाईल.

दुसऱ्या सकाळी शाळेत जायच्या आधी बाई आल्या. उंबऱ्याबाहेर उभ्या राहून म्हणाल्या, "आई, काल मी चुकले. तुमच्या भीतीला गणितात जागा ठेवली नाही. माफ करा." सासूबाईंनी आतून बाईंसाठी पाण्याचा तांब्या पाठवला. तो मी नेऊन दिला. बाईंचे डोळे लाल होते. शिकलेल्या माणसाने अडाणी म्हातारीची अशी दारात उभं राहून माफी मागितलेली मी त्याआधी पाहिली नव्हती, त्यानंतरही फारशी नाही.

पुढचं जाऊबाईंनी केलं. चार दिवसांनी विहिरीवर त्या मला म्हणाल्या, "गो हिरे, त्या बाईच्या पाटीवर माज्या टोपल्या किती लिवल्या व्हत्या?"

"सहा."

"आनि तुज्या?"

"दोन."

"मग गनित बरोबर हाय बाईचं," त्या म्हणाल्या आणि हसल्या. मग घागर कठड्यावर ठेवून हळू आवाजात म्हणाल्या, "दोन टोपल्या रोज खतात जातात. मना दिसत नाय का? उद्यापासून आतल्या खोलीत बस. दार लोटून घे. आयेनं इचारलं तर मी सांगन, डोकं दुखतंय तिचं."

"पन वयनी, दादा त्याच जाळ्यावर जानार."

"दादा माजा नवरा हाय. त्याची भीती मी बाळगीन. तू गाठी मार."

तीन गावांत जाळ्यासाठी नाव असलेल्या जाऊबाई दुसरीच्या हातात आपलं जाळं देत होत्या. त्यांना काय वाटलं असेल ते मी कधी विचारलं नाही.

मी आतल्या खोलीत बसून जाळं सांधू लागले. खिडकीतून येईल तेवढा उजेड. बांबूची सुई हातात धरली तेव्हा पहिल्या दिवशी गाठच बसेना. प्रत्येक गाठीला मी दादांचं नाव घ्यायची. होडी गेली की माझं खाणं बंद. होडी आली, दादांचा आवाज ऐकला, की मग घास. असे नऊ-दहा दिवस गेले. ओटीवर जाऊबाईंच्या टोपल्या रिकाम्या होत होत्या. कोळंबी लाल पडायची थांबली होती. बाईंना मी हे सांगितलं होतं. त्या रोज शाळेत जाताना मान वळवून खाडीकडे बघू लागल्या.

आणि मग एक दिवस होडी आली नाही.

पहाटे गेलेली होडी दुपारच्या पहिल्या पाण्याबरोबर यायला हवी होती. पाणी चढू लागलं, बाकीच्या होड्या आल्या, त्यांतल्या कोणीच दादांना बघितलं नव्हतं. जाऊबाई धक्क्यावर जाऊन उभ्या राहिल्या. सासूबाई ओटीवर बसून राहिल्या. मी आतल्या खोलीत, जाळ्यापुढे. माझ्या डोक्यात एकच, माझी गाठ सुटली. मी त्यांना मारलं. आधी माझ्या नवऱ्याला वाचवू शकले नाही आणि आता त्याच्या भावाला मारलं.

बाई शाळा लवकर सोडून आल्या. माझ्याशेजारी जमिनीवर बसल्या. पुस्तकातलं एक अक्षर बोलल्या नाहीत, होईल सगळं नीट असंही म्हणाल्या नाहीत. फक्त एकदा म्हणाल्या, "पाटी मी आणली होती, हिराबाई. तुम्ही एकट्या नाही यात." आणि माझा सुई धरून कडक झालेला हात त्यांनी दोन्ही हातांत धरला. त्यांचा हात माझ्याहून गार होता.

मला राहवेना. मी उठून ओटीवर गेले, सासूबाईंच्या पुढ्यात बसले आणि म्हटलं, "आये, ते जाळं मी सांधलंय. दहा दिस मीच सांधतेय."

त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. खाडीवरची नजर न काढता म्हणाल्या, "ठाऊक हाय मना. तुजी गाठ डावी पडते. माज्या घरात डावी गाठ कोन मारतं?"

"मग बोलला का नाय?"

त्या म्हणाल्या, "कोळंबी सडत नव्हती." आणि मग, "मी पन त्याला जाऊ दिलाच ना."

मी त्यांच्या पायाशी बसून राहिले. मला तोवर वाटत होतं की त्या घरात मी एकटीच घाबरलेली आहे.

भरती संपता संपता, ऊन उतरल्यावर, होडी दिसली. जाऊबाईंनी हाक मारली ती अख्ख्या गावाने ऐकली. दादा उतरले ते चिखलाने माखलेले आणि वैतागलेले. पाण्याबरोबर वाहत आलेला एक मोठा ओंडका जाळ्याच्या तोंडात अडकला होता. जाळं कापून टाकलं असतं तर ते वेळेत आले असते, पण जाळं वाचवायचं म्हणून दोघे दुपारभर खटपट करत राहिले. सासूबाईंनी ते जाळं अंगणात पसरायला लावलं आणि बसून हाताने चाचपत टोकापासून टोकापर्यंत बघितलं. एके ठिकाणी ते फाटलं होतं, जुन्या भागात, जिथे माझाही हात लागला नव्हता आणि जाऊबाईंचाही. डाव्या गाठी जागच्या जागी होत्या.

त्या म्हणाल्या, "उद्यापासून बाहेर बस. अंधारात डोळं फोडू नको. नवं जाळं मात्र तुजी जावच सुरू करील."

तेवढंच. शिमग्याविषयी एक शब्द नाही, आणि विचारायची माझी छाती झाली नाही.

बाईंची परीक्षा त्यानंतर दीड-दोन महिन्यांनी झाली. तीत तुलनात्मक लाभाचाच प्रश्न आला. बाईंनी पुस्तकातले देश बाजूला ठेवून उत्तरात एका घरातल्या दोन जावा लिहिल्या, कोळंबी आणि जाळं लिहिलं. परत आल्या त्या पांढऱ्याफटक. "तपासणारा म्हणेल, ही काय चेष्टा आहे," असं म्हणत निकाल लागेपर्यंत त्यांनी दिवस काढले. त्या पास झाल्या. पुढचं तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. एम.ए., कॉलेजातली नोकरी, तीस-पस्तीस वर्षांचं शिकवणं. आज उरणच्या बंदरात आणि रबाळ्याच्या कारखान्यांत बाईंचे विद्यार्थी भेटतात आणि दोन जावांचं गणित अजून सांगतात. त्यातली धाकटी जाऊ मी, हे कळलं की त्यांना खरं वाटत नाही.

बाईंच्या शिकवण्यातल्या दोन गोष्टी मला सांगाव्याशा वाटतात. पहिली, त्या हा सिद्धांत शिकवताना कधीही तो सगळ्या प्रश्नांचं उत्तर आहे असं म्हणाल्या नाहीत. दोन टोपल्या जास्त होतात हे पाटी सांगते, त्या टोपल्या कोणाच्या ताटात जातात हे पाटी सांगत नाही, असं त्या म्हणत. मला एकदा त्यांनी सरळ विचारलं होतं, "हिराबाई, त्या जास्तीच्या दोन टोपल्यांतलं तुम्हाला काय मिळालं?" मी म्हटलं, "मी घरात राहिले." हे उत्तर पुरेसं आहे असं त्यांना वाटलं नव्हतं, आणि आता इतक्या वर्षांनी मलाही वाटत नाही.

दुसरी गोष्ट एकोणीसशे साठच्या दशकातली. आमच्याकडे नायलॉनची जाळी आली. ती सुताच्या जाळ्यासारखी कुजत नाहीत, सांधायचं काम निम्म्याहून कमी झालं. माझी जुनी भीती परत आली. बाई तेव्हा कॉलेजात होत्या. मी बसने त्यांच्याकडे गेले आणि म्हटलं, "माझं गणित बुडालं." त्यांनी मला जेवायला वाढलं आणि म्हणाल्या, "एकदा मांडलेलं गणित जन्मभर पुरत नाही. पुन्हा मांडू." दुपारभर आम्ही दोघी बसलो. मला वाचता येतं, पत्रं लिहिता येतात, आणि गावात ते येणाऱ्या बायका आम्ही दोघी-तिघीच, हे त्यांनी मला दाखवलं. बायकांच्या मासेविक्रीच्या मंडळात पत्रव्यवहाराचं काम मी त्यानंतर घेतलं आणि वीस वर्षं केलं. तिथेही पहिलं पत्र मी तीनदा फाडून लिहिलं. घाबरणाऱ्या माणसाला बाईंनी कधी भिऊ नका म्हटलं नाही. त्या शेजारी येऊन बसत.

बाई आता पंचाहत्तर वर्षांच्या झाल्या. गुडघे दुखतात, पण अजूनही फोन करून विचारतात, नवीन काय वाचलं. त्यांना पुष्कळ आयुष्य मिळो, आणि ते दुखण्याखुपण्याशिवाय मिळो. त्यांचे डोळे शेवटपर्यंत वाचण्याजोगे राहोत. त्यांच्याशेजारी बसायला कायम कोणी ना कोणी असो. माझ्या देवाकडे मी एवढंच मागते, आणि तुम्हीही मागाल याची मला खात्री आहे.

शिमग्याचं सांगायचं राहिलं. होळीच्या आदल्या दिवशी बांधावर पांढरी टोपी दिसली. या वेळी तो खरंच माझा भाऊ होता. मी यमूला मागच्या दाराने जाऊबाईंकडे दिलं आणि चुलीपुढे बसले. भाऊ ओटीवर बसला. सासूबाईंनी त्याची, त्याच्या मुलांची विचारपूस केली. त्याला जेवायला वाढलं. हात धुऊन तो म्हणाला, "मग, हिरा तयार हाय?"

सासूबाई म्हणाल्या, "ती नाय येत. जाळ्याचा हात हाय तिचा. आमचं अडतं."

भावाने आत माझ्याकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं काही दिसलं आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही. संध्याकाळच्या आत तो परत गेला, एकटाच. मी बांधापर्यंत त्याला पोचवून आले.

तोवर यमूचं नाव मी शाळेत घातलं नव्हतं. ती माझ्याजवळ राहणार की नाही हे ठाऊक नसताना तिच्या कोणत्याच गोष्टीला हात लावायची हिंमत झाली नव्हती. दुसऱ्या दिवशी मी तिला आंघोळ घातली, वेणी घातली, आणि हाताला धरून बाईंच्या शाळेत नेलं.